सज्जनाची नस्ती आणि गुंडाचा कट्टा

१९०९ सालच्या डिसेंबरात औरंगाबादेत शिकणारा एक कोवळा तरुण नाशिकला गेला. तेथे त्याच्या हाती ब्राउनिंग जातीचे पिस्तूल आले. लंडनहून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुले धाडली होती, त्यांच्याशी या प्रकरणाचा धागा जुळलेला आहे. २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन मारला गेला आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत लक्ष्मण कान्हेरे हा तरुण कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढला.

या इतिहासातील तेज सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे दडलेला एक रुक्ष प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पिस्तूल चोरकप्प्यातून का आणावे लागले? कारण राजमार्गाने ते येथल्या माणसाला मिळण्याची सोयच नव्हती. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजांनी हा देश निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारले आणि १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, त्याला कायद्याचे रूप दिले. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला होता. पुढे लॉर्ड रिपनने वृत्तपत्रांवरचा कायदा मागे घेतला, शस्त्रांचा मात्र घेतला नाही. गोऱ्या माणसाला परवान्याची गरज नव्हती. ज्याची ही भूमी, त्याने मात्र स्वतःच्या घरात बंदूक ठेवण्यासाठी परक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहायचे, अशी ती व्यवस्था होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना महात्मा गांधींनीही, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतील सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे मत नोंदवले. सावरकर आणि गांधीजी यांचे एकमत झालेले विषय बोटांवर मोजता येतील. त्यांपैकी हा एक. १९३१ साली सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीत भरलेल्या अधिवेशनातून मूलभूत हक्कांचा जो ठराव निघाला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केलेला होता.

स्वराज्य आल्यावर काय झाले, हे पाहणे अगत्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला हवे त्याने बाजारात जावे आणि हवे ते शस्त्र विनाअडथळा विकत घ्यावे, असे झाले तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा सवाल होता. चोर-दरोडेखोरांनाही तोच हक्क द्यावा लागेल, हे त्यांनी दाखवून दिले. इतकेच नव्हे, तर शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्ररक्षणार्थ शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर भर असावा, असेही सुचवले. दुरुस्ती फेटाळली गेली आणि ते योग्यच झाले. पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. या नगरीत कायद्याची चर्चा करताना त्यांचा हा युक्तिवाद दृष्टीआड करून चालणार नाही. शस्त्र हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही अमेरिकेशी तुलना करीत हाच मुद्दा अधोरेखित केला. तेव्हा वाद हक्काचा नाही. वाद आहे तो, कायद्याने जे देऊ केले आहे ते कायद्याने सांगितलेल्या मुदतीत मिळते की नाही, याचा.

आणि कायद्याने देऊ केलेले पुष्कळ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा हेतूच मुळी १८७८ च्या अविश्वासातून बाहेर पडण्याचा होता. सैनिकी स्वरूपाची घातक शस्त्रे समाजकंटकांच्या हाती जाऊ नयेत. पण ज्याच्या पूर्वचारित्र्यात वा प्रवृत्तीत खोट नाही, त्या नागरिकाला स्वसंरक्षणाचे शस्त्र परवान्याने उपलब्ध असावे, ही त्यामागची भूमिका विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत नमूद होती. अधिनियमाचे कलम १३ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, अपात्रतेचे कारण नसेल तर, परवाना द्यावा असे ते सांगते. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांच्या बाबतीत मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. हा भेद समंजस आहे. खांद्यावरची बंदूक सर्वांना दिसते. कमरेचे पिस्तूल दिसत नाही. ते मागणाऱ्याला चार प्रश्न अधिक विचारले जावेत, यात गैर काही नाही. कलम १४ आणखी पुढे जाते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. आणि नाकारलाच, तर कारणे लेखी नोंदवून, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, ती अर्जदारास कळवावी लागतात. गरिबालाही जीव असतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

१५ जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांनी या चौकटीत काळाचे भान आणले. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यावा, अहवाल आल्यापासून ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने कारणांसह निर्णय द्यावा, असे हे नियम सांगतात. अर्जदाराने शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेले असावे, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, त्याचा परवाना राष्ट्रीय नोंदपटावर स्वतंत्र क्रमांकाने यावा, ही बंधनेही त्यांत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नकार्यात हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. या सर्वांचे कोणीही विवेकी माणूस स्वागतच करील. कागदावर हा कायदा जगातील चांगल्या कायद्यांच्या पंक्तीत बसावा असा आहे.

आता कागदावरून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर येऊ. शहराच्या हद्दीत परवाना अधिकारी पोलीस आयुक्त, हद्दीबाहेर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्ज करणारा कोण असतो? सराफ्यात पिढीजात पेढी असलेला आणि रात्री दागिन्यांची पिशवी घेऊन घरी परतणारा सुवर्णकार. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या पगाराची जोखीम वाहणारा लघुउद्योजक. शेतवस्तीवर एकटे घर असलेला बागायतदार. सैन्यातून निवृत्त होऊन सुरक्षारक्षकाची नोकरी शोधणारा हवालदार. मे २०२५ मध्ये बजाजनगरात एका उद्योजकाच्या घरावर दरोडा पडला आणि कोट्यवधींचे सोने-चांदी गेले. त्या प्रसंगी घरमालक परदेशात होता, म्हणजे परवाना असता तरी त्याचा उपयोग नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या रात्रीनंतर वाळूज परिसरातील प्रत्येक बंगल्यात कोणता विषय निघाला असेल, हे सांगायला नको.

असा अर्जदार विहित नमुन्यात अर्ज भरतो. ओळखपत्र, निवासाचा पुरावा, प्राप्तिकराची विवरणपत्रे, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडतो. मग त्याची नस्ती प्रवासाला निघते. संबंधित पोलीस ठाणे, तेथून सहायक आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त, विशेष शाखा, गुन्हे शाखेची नोंद, आणि पुन्हा आयुक्तालय. वाटेत एखादा कागद जुना झाला की तो नव्याने द्यायचा. ठाण्याचे निरीक्षक बदलून गेले की चौकशी पुन्हा पहिल्यापासून. ३० दिवस आणि ६० दिवस हे आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुरते उरतात. कायद्याला या दिरंगाईची कल्पना नव्हती असेही नाही. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा कलम १३ परवाना अधिकाऱ्याला देते. ती मुभा वापरण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

सर्वांत विलक्षण प्रकार असतो तो ‘सबळ कारणा’चा. जिवाला धोका असल्याचा पुरावा मागितला जातो. धमकीची तक्रार नोंदलेली आहे काय? हल्ला झाला आहे काय? नसेल तर धोका दिसून येत नाही, असा शेरा पडतो. अर्थात अर्जदाराने आधी एकदा लुटले जावे, शक्यतो वाचावे, त्याची फिर्याद द्यावी आणि मग परवाना मागावा! वस्तुतः २०१६ च्या नियमांत व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीवित वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. सोन्याची पिशवी घेऊन रोज एकाच रस्त्याने जाणाऱ्याला धोका आहे की नाही, हे ठरवायला धमकीची चिठ्ठी कशाला हवी?

स्त्रियांच्या संबंधात तर ही विसंगती अधिकच बोचते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, बोअर .३२, किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात. स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावे, अशी त्याची जाहिरात झाली. एका सरकारी खात्याने स्त्रीला शस्त्र घे म्हणायचे आणि दुसऱ्याने तुला धोका कसला म्हणून विचारायचे! सव्वा लाखाचे शस्त्र घेणारी स्त्री कोणत्या आर्थिक स्तरातील असेल आणि रात्रपाळी संपवून चिकलठाण्याहून परतणारी कोणत्या, हा प्रश्न निराळाच.

हा विलंब कोणाच्या दुष्टाव्यातून होतो, असे समजणे अन्यायाचे ठरेल. ठाण्यातील निरीक्षकाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. त्याने अनुकूल अहवाल दिला आणि उद्या त्या माणसाने दारूच्या नशेत भावावर गोळी झाडली, तर पहिली विचारणा निरीक्षकाला होते. प्रतिकूल अहवाल दिला तर अपील, न्यायालय, वशिल्याचे दूरध्वनी. परंतु अहवाल दिलाच नाही, नस्ती कपाटात राहू दिली, तर त्याला जगात कोणीही काही विचारीत नाही. निर्णयाला शिक्षा आहे, अनिर्णयाला नाही. जोवर हे समीकरण आहे, तोवर नियमांत ३० दिवस लिहा की ३ दिवस, फरक पडणार नाही.

आणि याच कुंठित दाराशी वशिल्याचा जन्म होतो. जो निर्णय घेण्यास अधिकारी कचरतो, तो घेण्याची जबाबदारी वरून आलेली चिठ्ठी आपल्या शिरावर घेते. चिठ्ठी असणाऱ्याचा अर्ज धावतो, नसणाऱ्याचा झोपतो. विलंब आणि खिरापत या दोन परस्परविरोधी व्याधी नव्हेत. एकाच रोगाची ती दोन लक्षणे आहेत. त्याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. संभाजीनगरच्याच महसूल विभागातील शेजारचा बीड जिल्हा पुरेसा आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून क्रूर हत्या झाली. ती पिस्तुलाने झाली नव्हती. परंतु त्यानिमित्ताने बीडच्या दहशतीवरचा पडदा उठला आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची माहिती चव्हाट्यावर आली. लगतच्या परभणीत ही संख्या अवघी ३२ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर मिरवल्या जात होत्या. फौजदारी गुन्हे नोंदलेल्यांनाही परवाने मिळाल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने एका दमात शंभराच्या घरात परवाने रद्द केले. हे परवाने देताना कोणाला सबळ कारण दिसले होते? कोणत्या ठाण्याने अनुकूल अहवाल दिला होता? रद्द करण्याची तत्परता स्तुत्य खरी. पण दिले कोणी, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही.

बीड हा अपवादही नव्हे. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. पैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार, महाराष्ट्रात ८४ हजार. दुसरा क्रमांक होता ३ लाख ६९ हजार परवाने असलेल्या जम्मू-काश्मीरचा. एवढ्याशा लोकसंख्येत एवढे परवाने कसे, याचा उलगडा पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात झाला. २०१२ ते २०१६ या काळात तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून सुमारे २ लाख ७८ हजार परवाने अपात्रांना दिले गेल्याचा संशय आहे. पैसे मोजून ते घेतले गेले, असा आरोप आहे. आणि खुद्द महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातील एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचे प्रकरण गाजले. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना अपिलात गृह राज्यमंत्र्यांनी मंजूर केला. अर्जदाराची खटल्यांतून सुटका झालेली होती, असे त्याचे समर्थन करण्यात आले. वाद उसळला आणि पोलिसांनी प्रत्यक्षात परवाना दिला नसल्याचेही समोर आले. सरकार आपल्या विचारांच्या जवळचे आहे म्हणून याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. निर्दोष सुटलेल्याला परवाना मागण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व मान्य केले, तर ज्याच्यावर आयुष्यात एकही गुन्हा नोंदला गेला नाही, त्या सराफ्यातल्या सुवर्णकाराचे अपील तितक्याच आस्थेने ऐकले जाते काय, एवढेच विचारायचे आहे.

मर्जीतल्यांच्या हाती शस्त्र आणि सामान्यांच्या हाती अर्ज, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वात, १९४७-४८ मध्ये, लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांना शस्त्रांची वाण नव्हती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवीत होता. दुसऱ्या बाजूला गावोगावची प्रजा लाठ्या, गोफणी आणि हाती लागतील त्या ठासणीच्या बंदुका घेऊन आपली वेस राखीत होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामातील सैनिकांना शस्त्रांसाठी सरहद्दीपलीकडच्या छावण्यांची वाट धरावी लागली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला, तेव्हा हा अन्याय संपला. स्वतंत्र भारतातील परवाना पद्धतीची तुलना निजामाशी करणे अर्थातच गैर होईल. पण ज्या भूमीने राज्यसत्तेचा पक्षपात असा सोसला आहे, तेथे पक्षपाताची सावलीसुद्धा लोकांना चटकन ओळखू येते.

दरम्यान, ज्याला परवाना नकोच असतो, त्याचे काय चालले आहे? मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड मार्गावर पाठलाग करून एक गाडी अडवली. तीत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे मिळाली. पुढील छाप्यांत हा साठा आणखी वाढला. देशभर हे प्रकरण ‘औरंगाबाद शस्त्रसाठा’ या नावानेच ओळखले गेले. दहा वर्षांनी, २०१६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले आणि मूळचा बीडचा झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्यासह सात जणांना जन्मठेप दिली. सुरक्षा यंत्रणांनी वेळीच झडप घातली नसती तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. शस्त्र कायद्याचा सारा कठोरपणा जर कोठे ओतायचा असेल, तर तो या मार्गावर. सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यातील उमर्टीसारख्या गावांतून गावठी कट्टे आणि पिस्तुले जळगाव-धुळ्याच्या वाटेने महाराष्ट्रात येतात, हे पोलिसांच्या वारंवारच्या कारवायांतून जगजाहीर आहे. त्या बाजारात नमुना नाही, अहवाल नाही, ३० दिवस नाहीत. पैसे दिले की वस्तू हातात. देशातील बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांशी अशीच विनापरवाना शस्त्रे वापरली जातात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. जो नाव, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन स्वतःहून पोलिसांसमोर येतो, त्याच्यावर यंत्रणेची सारी संशयी दृष्टी खिळावी आणि जो रात्रीच्या गाडीने चोपड्याहून पिशवी घेऊन येतो, त्याच्याकडे मात्र ती खबर मिळेल तेव्हाच वळावी, हे गणित उलटे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. परवाने सुलभ केले तर आपले शहर अमेरिकेच्या वाटेने जाणार नाही काय? शाळेत शिरून गोळ्या झाडण्याच्या बातम्या तेथून येतच असतात. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन येथील शाळेत कोवळी मुले मारली गेली, तेव्हा ब्रिटनने पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. तो मारेकरी परवानाधारक होता. आपल्याकडेही परवाना म्हणजे सज्जनपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनातच, सत्ताधारी पक्षाच्या एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून गोळीबार केल्याच्या घटनेने महाराष्ट्राची मान खाली गेली. घरातील शस्त्र रागाच्या वा निराशेच्या क्षणी घरच्याच माणसावर उलटते, हेही खरे. म्हणूनच येथे मागणी सुलभतेची नाही. चौकशी कसून व्हावी. मानसिक आरोग्य, व्यसन, कौटुंबिक कलह सारे पाहिले जावे. प्रशिक्षण नावापुरते नसावे. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले, ते प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल लटकावे म्हणून नव्हे. शस्त्राच्या आधी शिस्त शिकवावी म्हणून. विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाने तर शस्त्र मिरवणाऱ्यांकडे तिटकाऱ्यानेच पाहिले पाहिजे. पन्नास अर्जांपैकी चाळीस नाकारले गेले तरी चालेल; पण ते मुदतीत नाकारावेत, कारण देऊन नाकारावेत आणि उरलेल्या दहांत चिठ्ठीवाला एकही नसावा.

ज्याला हा परवाना मिळतो, त्याचीही परवड संपत नाही. २०२४ या एकाच वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या आणि दोन्ही वेळा शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न उभा राहिला. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे हे सरसकट करायचे नसते. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून, ज्याच्यापासून शांततेला धोका आहे, त्याचेच शस्त्र जमा करून घ्यायचे असते. व्यवहारात ठाण्यातून निरोप येतो आणि निमूट माणूस निमूटपणे शस्त्र ठेवून येतो. सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या माजी सैनिकाची तर बंदूक हीच रोजीरोटी. तीस-चाळीस दिवस ती ठाण्यात राहिली, तर मालक दुसरा माणूस शोधतो. ज्याच्या हाती देशाने पंधरा-वीस वर्षे रायफल दिली, त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणालाही पुन्हा चारित्र्याची पडताळणी लागते. लागो बिचारी, पण लवकर लागो.

अपिलाचा मार्गही शहरवासीयाला सोपा नाही. ग्रामीण भागातील अर्जदाराला जिल्हाधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे संभाजीनगरातच, दाद मागता येते. शहरातील अर्जदाराला पोलीस आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाकडे, म्हणजे मुंबईला मंत्रालयात जावे लागते. आणि त्यासाठी आधी नकाराचा लेखी आदेश हाती पडावा लागतो. नस्ती नुसतीच पडून असेल, तर अपील कशाविरुद्ध करायचे?

याला उपाय नवा कायदा हा नव्हे. पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांनी दर तीन महिन्यांनी साधा तक्ता प्रसिद्ध करावा: किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर आणि कोणत्या कारणाने, ३० दिवसांवर अहवाल रखडलेले किती व ते कोणत्या ठाण्यात. नावे नकोत, आकडे पुरेत. ज्या ठाण्याचा आकडा फुगलेला दिसेल, तेथे विचारणा आपोआप होईल, आणि अनिर्णयालाही प्रथमच उत्तरदायित्व येईल. बीडमध्ये असा तक्ता लागला असता, तर बाराशेचा आकडा एका सरपंचाच्या हत्येनंतर कळण्याची वेळ आली नसती. शासन हे स्वतःहून करील याची वाट पाहण्याचेही कारण नाही. शहरातील सराफ आणि व्यापारी संघटना, लघुउद्योजकांची ‘मसिआ’, माजी सैनिकांचे मेळावे, यांपैकी कोणीही हे आकडे माहितीच्या अधिकारात मागू शकते. अर्जावर दहा रुपयांचे न्यायालय शुल्काचे तिकीट लावावे लागते, आणि त्याच्या उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच आहे.